५० मीटरच्या नेमबाजीसाठी ६,८०० रुपयांचा स्कोप: दहा महिन्यांच्या वापरानंतर

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या वावरात, पश्चिमेकडच्या धुऱ्याला टेकवून मातीने भरलेल्या पोत्यांची उंच भिंत रचली आहे आणि तिच्यापुढे कागदी लक्ष्य लावून मी गेली चार वर्षे एअर रायफलचा सराव करतो. सकाळचे ऊन पाठीमागून थेट लक्ष्यावर पडते, म्हणून हीच दिशा निवडली. २० मीटरवर उघड्या साइटने काम भागत असे. पुढे ५० मीटरवर पाचही छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जावेत अशी ओढ लागली, पण तेवढ्या अंतरावर काळ्या वर्तुळाचा मध्यच डोळ्याला सापडेना. तेव्हा गेल्या ऑक्टोबरमध्ये नागपूरला जाऊन ४-१२×४० एओ या प्रकारचा (४ ते १२ पट मोठे दाखवणारा, ४० मिमी भिंगाचा) स्कोप, म्हणजे दुर्बिणीची साइट, ६,८०० रुपयांना आणि त्याचे माउंट, म्हणजे तो रायफलीवर बसवायची कडी, १,६०० रुपयांना घेतले. त्यावर छापलेले नाव मी येथे देत नाही, कारण याच घडणीचे चिनी बनावटीचे स्कोप निरनिराळ्या नावांनी विकले जातात आणि घेणाऱ्याने नावापेक्षा गुण पारखणे अधिक उपयोगाचे आहे.

माझी रायफल ०.१७७ इंच व्यासाची पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, आहे. या व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आतील ताकदीच्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. तरीही खरेदीचे बिल मी रायफलीच्या पेटीतच ठेवतो. आमच्याकडे रायफल म्हटली की रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा विषय हमखास निघतो, म्हणून स्पष्टपणे लिहितो की हे साधन त्यांच्या शिकारीसाठी नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीविना शिकार हा गुन्हा आहे, आणि एवढ्या कमी ताकदीचा छर्रा त्या जनावराला केवळ जखमी करून वेदनेत सोडून देतो.

याआधी माझ्याकडे स्प्रिंगची रायफल होती आणि तिच्यावर २,२०० रुपयांचा एक स्कोप बसवला होता. तीनशेएक छर्ऱ्यांनंतर त्यातील नेमाची फुली सैल होऊन तिरपी झाली. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन सुटताना रायफल आधी मागे येते आणि पिस्टन पुढे जाऊन थांबताच ती पुढच्या बाजूला हिसका देते. बंदुकीच्या एकाच दिशेच्या धक्क्याचा विचार करून केलेला स्कोप हा उलटा हिसका सोसू शकत नाही. ज्यांची रायफल स्प्रिंगची आहे त्यांनी एअर रायफलसाठीच बनवलेला स्कोप मागावा आणि तसे बिलावर लिहून घ्यावे. पीसीपीला धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे तेथे ही काळजी कमी होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दुकानात माझ्यापुढे दोन स्कोप ठेवले होते. एक ६-२४×५०, दिसायला भारदस्त आणि किमतीने जवळपास तेवढाच. दुसरा मी घेतलेला ४-१२×४०. "भाऊ, लांबचं मारायचं तर मोठा आकडा घ्या," असा दुकानदाराचा आग्रह होता. मी लहान आकडा घेतला, कारण पहिल्या स्कोपला पॅरालॅक्स जुळवण्याची सोय नव्हती, दुसऱ्याला होती. एओ या अक्षरांचा अर्थ तोच: पुढच्या भिंगाभोवतीची कडी फिरवून लक्ष्याच्या अंतराप्रमाणे पॅरालॅक्स जुळवता येतो.

पॅरालॅक्स म्हणजे काय हे अनुभवायचे असेल तर रायफल पोत्यावर पक्की ठेवावी आणि तिला हात न लावता स्कोपमागे डोळा थोडा वरखाली करून पाहावे. पॅरालॅक्स जुळलेला नसेल तर रायफल स्थिर असूनही फुली लक्ष्यावर सरकताना दिसते. कडी नसलेले बहुतेक स्कोप कारखान्यातूनच १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर जुळवलेले असतात. ४० मिमी भिंगाचा असा स्कोप ५० मीटरवर वापरला आणि डोळा अगदी कडेला गेला, तर नेम ९ मिमीपर्यंत चुकू शकतो; २५ मीटरवर हीच चूक १४ मिमीच्या पुढे जाते. ५० मीटर रायफल स्पर्धेच्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ९ मिमीची किंमत कळते. नेमबाजाचा श्वास, हात आणि चाप सगळे बरोबर असूनही गाल कुंद्यावर किंचित वेगळा टेकल्यामुळे छर्रा बाहेर जातो आणि दोष मात्र तो स्वतःला देत राहतो. मी दोन वर्षे तसाच देत होतो.

माझ्या स्कोपच्या कडीवर छापलेले आकडे मात्र खरे नाहीत. टेपने मोजलेल्या ५० मीटरवर चित्र स्वच्छ आणि फुली स्थिर होते तेव्हा कडी ६० च्या जवळ असते. पावलांनी मोजले असते तर हा फरक मला उमगलाच नसता, कारण माझी ५० पावले ४० मीटरही भरत नाहीत. मी कडीवर कागदी पट्टी चिकटवून १५, २५, ४० आणि ५० मीटरच्या माझ्या खुणा पेन्सिलीने केल्या आहेत.

१२ पट मोठे दिसणे ५० मीटरला पुरेसे आहे, बहुतेक वेळा मी १० वरच ठेवतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर गेला की काळ्या जमिनीवरून उठणाऱ्या झळांमुळे लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखे हलते आणि स्कोप जितका मोठे दाखवतो तितके ते हलणेही मोठे दिसते. शिवाय भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा आकार मिळतो: ४० भागिले १० म्हणजे ४ मिमी, तर ५० भागिले २४ म्हणजे जेमतेम २ मिमी. एवढ्या अरुंद वर्तुळात डोळा बरोबर आणण्यातच वेळ जातो आणि संध्याकाळी चित्र काळवंडते.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात चौकोनाची परीक्षा घेतली. २५ मीटरवर झिरो करून, म्हणजे नेम आणि छर्रा एकाच जागी आणून, टरेट (नेम सरकवणारी, क्लिक-क्लिक फिरणारी बटणे) ४० क्लिक वर, ४० उजवीकडे, ४० खाली आणि ४० डावीकडे असे फिरत प्रत्येक कोपऱ्यावर तीन छर्रे मारले. पाव एमओएच्या (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिकने या अंतरावर बाजू सुमारे ७३ मिमी यायला हवी. ती ७० मिमी आली. शेवटचे छर्रे पहिल्याच भोकांवर परतले, ही माझ्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट. क्लिक थोडे लहान असतील तर वहीत तशी नोंद करता येते, पण टरेट मूळ जागी परतत नसेल तर कोणतीही नोंद कामाची राहत नाही.

१०.३४ ग्रेन वजनाचा छर्रा २५ मीटरच्या झिरोवरून ५० मीटरला सुमारे ११ सेंमी खाली जातो. तेथे ३१ क्लिक वर घेतले की नेम जुळतो. टरेट फिरवायचे नसेल तर फुलीवरील ठिपके वापरता येतात. दोन ठिपक्यांत एक मिल (अंतराचा हजारावा भाग) असतो; ५० मीटरवर एक मिल म्हणजे ५ सेंमी, म्हणून मध्याखालच्या दुसऱ्या ठिपक्याच्या किंचित खालून नेम धरावा. मात्र या स्कोपचे ठिपके फक्त १० पटीवरच खरे माप देतात. पट बदलली की चित्र लहानमोठे होते, ठिपक्यांतील अंतर मात्र तेवढेच राहते.

माउंटवर मी पैसे वाचवले नाहीत. माझ्या रायफलीला ११ मिमीची डव्हटेल खाच आहे, तिच्यासाठी प्रत्येक कड्याला चार स्क्रू असलेले माउंट घेतले. कडुनिंबाच्या फांदीला गवंड्याचा ओळंबा टांगला, रायफल लेव्हलने सरळ केली आणि उभी रेषा दोरीशी जुळल्यावरच स्क्रू आलटूनपालटून, बेताने आवळले. फार आवळले तर स्कोपची नळी दबते. फुली तिरपी राहिली, तर वर घेतलेले क्लिक छर्ऱ्याला बाजूलाही नेतात.

फुली उजळणारा स्कोपमधला लाल-हिरवा दिवा मी दोनदा लावून पाहिला. कागदी लक्ष्यासाठी त्याचा उपयोग नाही. १२ पटीवर चित्राच्या कडा मऊ होतात आणि रबरी टोपणे पहिल्याच महिन्यात सैल झाली. तरी शांत हवेत पाच छर्रे ५० मीटरवर २५ ते ३० मिमीत बसतात, यातील मोठा वाटा आता माझ्या हाताचा आहे.

२०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून गावातील मुलेही चौकशी करतात. त्यांच्या पालकांना मी सांगतो की मुलाला त्या स्पर्धांकडे जायचे असेल तर स्कोपवर खर्च करू नका. त्या प्रकारात आणि १० मीटर एअर रायफलमध्येही दुर्बिणीची साइट चालत नाही. तेथे बारीक छिद्राच्या साइटवर हात बसवावा लागतो.

यंदा पावसाळ्याचे दोन महिने रायफल पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद होती. ऑगस्टमध्ये उघाड मिळताच पेटी काढली तेव्हा भिंगांच्या आत बाष्प नव्हते, आणि २५ मीटरवरचा झिरो केवळ दोन क्लिक सरकलेला होता.