छोट्या फिटनेस स्टुडिओसाठी गूगल बिझनेस प्रोफाइल: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर व्यवसायाचं नाव, पत्ता, वेळा, फोटो आणि लोकांचे अभिप्राय दाखवणारी नोंद. हा अभिप्राय पुण्यात कोथरूडमधल्या एका स्टुडिओचं असं प्रोफाइल काही महिने नेमाने सांभाळल्यावर लिहिला आहे. पहिल्या मजल्यावरची जागा, योगा आणि झुंबाच्या बॅचेस, जोडीला थोडं स्ट्रेंथ ट्रेनिंग, मशीन नसल्यातच जमा. अशा जागेसाठी मत स्पष्ट आहे: वेबसाइट, इन्स्टाग्राम आणि जाहिरात या तिन्हींच्या आधी हे काम हाती घ्या. पैसे लागत नाहीत. शिवाय 'योगा क्लासेस कोथरूड' किंवा 'जवळची जिम' असं शोधल्यावर नकाशाखाली जी तीन नावं येतात, ती याच प्रोफाइलमधून उचललेली असतात. नवीन माणसाचा पहिला फोन बहुधा तिथूनच येतो.

यातून काय मिळत नाही, हेही आधीच सांगायला हवं. कोणाचं नाव वर दाखवायचं हे तीन गोष्टींवर ठरतं, असं गूगल स्वतःच सांगतं: शोधलेल्या शब्दांशी मेळ, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि व्यवसायाची एकूण ओळख. यातलं अंतर तुमच्या हातात नाही. बावधनमधून शोधणाऱ्याला कोथरूडचा स्टुडिओ पहिला दिसावा म्हणून महिनोन्‌महिने खपण्यात अर्थ नाही. सकाळी सहाच्या बॅचला माणसं दोन-अडीच किलोमीटरच्या आतूनच येतात. तेवढं वर्तुळ पक्कं धरलं तर छोट्या स्टुडिओच्या बॅचेस भरतात. 'अख्ख्या पुण्यात पहिला नंबर, गॅरंटीने' असं सांगणारे फोन येतील, ते सरळ ठेवून द्या. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलच्याच मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. जाहिरातीवर पैसे खर्च केले म्हणून या तीन नावांतली जागाही सुधारत नाही.

पडताळणी आणि नाव

व्यवसाय खरा आणि तुमचाच आहे याची गूगल पडताळणी करतं, आणि आता बहुतेक ठिकाणी ती व्हिडिओवर होते. प्रोफाइलमधूनच कॅमेरा उघडतो आणि एकसलग, न कापलेलं चित्रीकरण लागतं. त्यात तीन गोष्टी दिसायलाच हव्यात: जागा कुठे आहे, व्यवसाय खरंच चालतो का, आणि तो तुमच्याच ताब्यात आहे का. सुरुवात रस्त्यावरून करा. रस्त्याच्या नावाची पाटी किंवा शेजारची ओळखीची दुकानं घ्या, मग इमारतीचं नाव, जिना, स्टुडिओची पाटी. पुढे कुलूप किल्लीने उघडताना दाखवा, आत मॅट, डंबेल, आरसे आणि शेवटी रिसेप्शनचं टेबल. लोकांचे चेहरे आणि बँकेचे कागद चित्रीकरणात येऊ देऊ नका. व्हिडिओ नाकारला जातो तो बहुतेकदा पाटी न दिसल्यामुळे किंवा कुलूप आधीच उघडं असल्यामुळे. तपासणीला साधारण पाच कामकाजाचे दिवस धरून चाला.

महाराष्ट्रात इथे एक खास मुद्दा येतो. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही देवनागरीत मराठी पाटी लावावी लागते. प्रोफाइलवरचं नाव मात्र अनेक जण इंग्रजी लिपीत टाकतात. पाटीवर दोन्ही लिप्यांत एकच नाव असेल तर तपासणाऱ्याचं काम सोपं होतं. पाटीवर 'प्राणवायू योगा' आणि प्रोफाइलवर 'प्राणवायू योगा झुंबा वेट लॉस बेस्ट जिम कोथरूड' असला प्रकार करू नका. नावात शोधशब्द कोंबले की काही दिवस वर दिसल्यासारखं वाटतं. पण ते नियमांविरुद्ध आहे, आणि कोणी तक्रार केली की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. मग अपील करावं लागतं. अपिलात पुरावे जोडण्याचा फॉर्म एकदा उघडला की 60 मिनिटांत भरावा लागतो, म्हणून शॉप ॲक्टची पावती, वीजबिल आणि जीएसटी असेल तर त्याचं प्रमाणपत्र आधीच एका फोल्डरमध्ये ठेवा. तिन्हींवर नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा हवा. वीजबिल घरमालकाच्या नावावर असेल तर भाडेकरारही जोडीला ठेवा.

जुन्या भाडेकरूचं किंवा आधीच्या मालकाचं प्रोफाइल त्याच पत्त्यावर पडून असेल तर दुसरं नवीन काढू नका. त्याच्या मालकी हक्काची विनंती पाठवा. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात, उत्तर आलंच नाही तर पुढचा मार्ग खुला होऊ शकतो. एकाच जागेची दोन प्रोफाइलं राहिली की अभिप्राय विभागले जातात आणि दोन्ही मागे पडतात.

वर्गवारी

एक मुख्य वर्ग आणि जास्तीत जास्त नऊ दुय्यम वर्ग निवडता येतात. मुख्य वर्गाचं वजन सगळ्यात जास्त, त्यामुळे तिथे घाई नको. बहुतेक बॅचेस योगाच्या असतील तर 'योगा स्टुडिओ' घ्या. 'जिम' हा शब्द जास्त शोधला जातो म्हणून तो मुख्य केला तर ट्रेडमिल शोधणारे फोन करतात, मशीन नाही कळल्यावर फोन ठेवतात, आणि काही जण येऊन नाराज होऊन जातात. तुमच्या भागात वर दिसणाऱ्या तीन नावांखाली त्यांचा मुख्य वर्ग लिहिलेला असतो, तो पाहून ठरवा. दुय्यम वर्ग खरोखर चालणाऱ्या गोष्टींपुरते, तीन-चार पुरे. त्याखाली 'सेवा' भरायच्या असतात: प्रसूतीनंतरचा योगा, ज्येष्ठांची बॅच, झुंबा, पर्सनल ट्रेनिंग. प्रत्येक सेवेला दोन ओळी लिहा आणि फी सांगायची तयारी असेल तर तीही टाका. फी दिसली की फक्त दर विचारणारे फोन कमी होतात.

वेळा: सगळ्यात दुर्लक्षित रकाना

स्टुडिओ सकाळी 6 ते 10 आणि संध्याकाळी 5 ते 9 चालतो, दुपारी कुलूप असतं. तरी बहुतेक जण प्रोफाइलवर 'सकाळी 6 ते रात्री 9' टाकून मोकळे होतात. मग दुपारी दोनला कोणी कुलूप पाहून परत जातं आणि एक तारा देऊन जातं. एका दिवसाला दोन वेळा टाकायची सोय आहे, ती वापरा. दुसरी बाजूही आहे: शोधण्याच्या वेळी व्यवसाय उघडा आहे की नाही याचा क्रमावर परिणाम होतो, हे गूगलकडून 2023 च्या शेवटी सांगितलं गेलं. म्हणजे दुपारी तुमचं नाव खाली जाऊ शकतं. त्यावर उपाय म्हणून '24 तास उघडे' असं खोटं टाकू नका. दुपारी रिसेप्शनवर खरंच कोणी बसत असेल, आलेल्याला जागा दाखवत असेल, तर तेवढे तास उघडे म्हणून दाखवायला हरकत नाही. फिटनेसचा शोध सकाळी आणि संध्याकाळी जास्त होतो असं फोनच्या वेळांवरून दिसतं, त्यामुळे दुपारचं नुकसान फार नसतं.

सुट्ट्यांच्या वेळा वेगळ्या भरायच्या असतात. लक्ष्मीपूजन, धुळवड, अनंत चतुर्दशीची संध्याकाळची बॅच, हे आठवडाभर आधी टाका.

नकाशावरची पिनही एकदा झूम करून बघा. कर्वे रोडसारख्या दुभाजक असलेल्या रस्त्यावर पिन चुकीच्या बाजूला पडली तर माणूस पुढच्या चौकातून वळसा घालून येतो, आणि पहिल्या दिवशीच उशीर झाला की बॅच निम्मी संपलेली असते. पिन इमारतीच्या मधोमध नाही, फाटकावर ठेवा. पत्त्यात 'पहिला मजला' लिहा.

अभिप्राय

खरा फरक इथे पडतो, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. प्रोफाइलमधून अभिप्रायाची छोटी लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. कोड छापून भिंतीवर लावला तर त्याकडे फारसं कोणी बघत नाही, व्हॉट्सॲपवर नावानिशी पाठवलेला निरोप चालतो. या धर्तीवर लिहा: 'ताई, साडेसहाच्या बॅचला येऊन तुम्हाला तीन महिने होत आले. कसं वाटतंय ते या लिंकवर चार ओळींत लिहाल का? जे वाटतं तेच लिहा.' शेवटचं वाक्य वगळू नका. फक्त खूश असलेल्यांनाच लिंक पाठवणं नियमात बसत नाही, आणि 'अभिप्राय लिहा, एक महिना फुकट' हेही बसत नाही. ट्रेनरने स्वतःच्याच स्टुडिओला तारे देणंही बाद.

आठवड्याला दोन-तीन जणांना विचारा, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वेळी. वार्षिक कार्यक्रमात सगळ्यांना मोबाईल काढायला लावून एका संध्याकाळी वीस अभिप्राय घेतले तर ते संशयास्पद ठरून गायब होऊ शकतात. बनावट अभिप्राय सापडले तर प्रोफाइलवर काही काळ नवीन अभिप्राय बंद होतात आणि लोकांना दिसेल अशी सूचनाही लागू शकते.

मजकुराचा उपयोग ताऱ्यांइतकाच होतो. 'व्हेरी गुड' कोणाच्याच कामी येत नाही. 'बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी सुरू केलं, पहिले काही आठवडे फक्त श्वसन आणि पेल्विक फ्लोअरचे व्यायाम घेतले' असं कोणी लिहिलं तर तशाच गोष्टीचा शोध घेणाऱ्या दुसऱ्या बाईला त्यातली ओळ निकालातच दिसू शकते. म्हणून विचारताना काय लिहायचं ते सांगू नका, पण 'कोणती बॅच, कशासाठी आलात' एवढं सुचवा. मराठीत लिहिलं तर मराठीतच राहू द्या.

उत्तर प्रत्येकाला द्या, पण सदस्याचं दुखणं, वजन किंवा थकलेली फी उत्तरात कधीही उघड करू नका. पार्किंगबद्दल वाईट अभिप्राय आला तर एवढं पुरतं: 'काका, त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. सोसायटीच्या आत चारचाकी घेता येत नाही. मागच्या गल्लीत दुचाकीला जागा असते. चारचाकीने येणार असाल तर निघताना एक फोन करा, जागा सांगतो.' हे उत्तर पुढचे शंभर जण वाचतात, त्यांनाही पार्किंगची माहिती मिळते.

फोटो, पोस्ट आणि वेबसाइट

फोटो खरे आणि उजेडात काढलेले हवेत: प्रवेशद्वार, जिना, रिकामी खोली, चालू बॅच (परवानगी घेऊन), चेंजिंग रूमचा दरवाजा. गूगलची शिफारस 720 बाय 720 पिक्सेलची, फाइल 5 एमबीच्या आत. इंटरनेटवरून उचललेल्या परदेशी मॉडेलचे फोटो टाकू नका, जागा पाहायला आलेल्या माणसाचा विश्वास तिथेच उडतो. व्हिडिओ 30 सेकंदांपर्यंत चालतो. पोस्ट टाकल्याने क्रम वर गेल्याचं जाणवलं नाही, पण नवीन बॅच सुरू होताना उपयोग होतो. पोस्टच्या मजकुरात फोन नंबर लिहिला तर ती नाकारली जाऊ शकते. गूगलची स्वतःची चॅटची सोय 31 जुलै 2024 ला बंद झाली. आता व्हॉट्सॲपची लिंक जोडता येते, ती जरूर जोडा.

प्रोफाइलमधून मिळणारी फुकट वेबसाइटही मार्च 2024 मध्ये बंद झाली, त्यामुळे जुनी लिंक पत्रकावर छापलेली असेल तर बदला. स्वतःची साइट पाच पानांची पुरते, मात्र बॅचच्या प्रत्येक प्रकाराला वेगळं पान हवं, आणि वेळापत्रक मजकुरात हवं. व्हॉट्सॲपवर फिरवायला बनवलेलं रंगीत चित्र पानावर चिकटवलं तर 'संध्याकाळी सातची झुंबा बॅच' हे शब्द शोधयंत्राला वाचायला मिळतीलच याची खात्री नाही. पानाच्या शीर्षकात प्रकार आणि भाग दोन्ही लिहा: 'ज्येष्ठांसाठी योगा, कोथरूड'. सुरुवातीचे सरकते मोठे फोटो काढून टाका. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसायला हवा. स्वतःच्याच साइटवर स्वतःला दिलेले तारे शोधनिकालात दिसत नाहीत, 2019 पासूनच नाहीत. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

त्रास कुठे होतो

कोणीही बाहेरचा माणूस तुमच्या वेळा, फोन नंबर किंवा जागा 'कायमची बंद' असल्याचं सुचवू शकतो, आणि कधीकधी ते लागूही होतं. आठवड्यातून एकदा प्रोफाइल उघडून बदल तपासणं हाच इलाज. नाव किंवा पत्ता बदलला तर पुन्हा पडताळणी मागितली जाऊ शकते, तेव्हा असे बदल जानेवारीच्या गर्दीच्या तोंडावर करू नका. फक्त ऑनलाइन क्लास घेणाऱ्यांना हे प्रोफाइल मिळतच नाही, समोरासमोर ग्राहकाला भेटणं ही अट आहे. घरी जाऊन शिकवणाऱ्या ट्रेनरला मिळतं, पण पत्ता लपवून आणि सेवाक्षेत्र देऊन. एजन्सीला काम द्यायचं तर 'व्यवस्थापक' म्हणूनच जोडा, मुख्य मालकी स्टुडिओच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा.

मोजमाप करताना स्टुडिओत बसून स्वतःचं नाव शोधू नका. जागेपासून शून्य अंतरावर तुम्ही पहिलेच दिसणार, आणि ब्राउझरची इनकॉग्निटो (खाजगी) खिडकी उघडल्याने ठिकाण लपत नाही. मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, वनाझ मेट्रो स्टेशन अशा ठिकाणी राहणाऱ्या सदस्यांना एकाच दिवशी, एकाच वेळी, तेच शब्द शोधून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. प्रोफाइलच्या अहवालात फोन, रस्ता विचारणं आणि वेबसाइटवरचे क्लिक यांचे आकडे मिळतात, शिवाय लोकांनी कोणते शब्द शोधले तेही. ते दर महिन्याला वहीत उतरवून ठेवा, कारण तिथे फार जुनी माहिती राहत नाही. पाहिल्याच्या संख्येपेक्षा फोन आणि रस्ता विचारणं हे दोन आकडे बघा, आणि रिसेप्शनवर नवीन माणसाला 'कुठून कळलं' हे विचारून त्याच वहीत शेजारी लिहा.