पायथनचा फॉर लूप वाटायचा कसा: थ्रेड, प्रोसेस की जीआयएलविना पायथन?

हजार फेऱ्यांचा फॉर लूप आहे, एका फेरीचं दुसरीवाचून काही अडत नाही, आणि मशीनचे आठ कोर असून सात नुसते बसलेत. अशा वेळी पायथनमध्ये तीन वाटा आहेत: थ्रेडपूल-एक्झिक्युटर (एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड), प्रोसेसपूल-एक्झिक्युटर (वेगवेगळ्या प्रोसेस), आणि 3.13 पासून मिळणारी, जीआयएल नसलेली फ्री-थ्रेडेड आवृत्ती. पहिल्या दोन्ही एकाच मॉड्यूलमध्ये आहेत आणि वापरायची पद्धतही सारखीच. त्यामुळे एकाच्या जागी दुसऱ्याचं नाव टाकलं की काम झालं असं वाटतं. तिथेच फसगत होते.

आधी मोजून घ्या. लिनक्स किंवा मॅकवर कमांडच्या पुढे ‘टाइम’ लावून लूप एकदा साधाच चालवा. ‘रिअल’ (घड्याळातला वेळ) 5 मिनिटं आणि ‘यूजर’ (प्रोसेसर खरोखर राबल्याचा वेळ) 8 सेकंद दिसले, तर लूप वाट बघत बसलाय: नेटवर्कची, डिस्कची नाहीतर डेटाबेसची. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर तो खरोखर राबतोय. ‘यूजर’ हा ‘रिअल’पेक्षा मोठा आला, तर नमपायसारखी एखादी लायब्ररी आतून आधीच अनेक कोर वापरतेय. त्यावर आणखी थ्रेड किंवा प्रोसेस घातले तर नुसती गर्दी होईल.

वाट बघणाऱ्या लूपला थ्रेड द्यावेत, यात फारसा विचार करण्यासारखं काही नाही. जीआयएल या कुलपामुळे एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवू शकतो, पण उत्तराची वाट बघणारा थ्रेड ते कुलूप सोडून देतो आणि दुसऱ्याची पाळी लागते. हजार यूआरएल, प्रत्येकाला 300 मिलिसेकंद, म्हणजे एकामागून एक 5 मिनिटं. 20 थ्रेडना साधारण 15 सेकंद. संख्या दिली नाहीत तर 3.8 पासून पायथन कोरपेक्षा चार जास्त, पण कमाल 32, इतके थ्रेड घेतो. आठ कोरवर 12. डाउनलोडसाठी हे कमीच आहेत, 20–30 करायला हरकत नाही. दोनशे केलेत तर समोरचा सर्व्हर 429 (‘फार विनंत्या झाल्या’) पाठवू लागेल, आणि त्यात चूक त्याची नसेल.

राबणाऱ्या लूपला मात्र थ्रेड देऊन काही मिळत नाही. एका पोळपाटावर चार लाटणी चालवण्यासारखा तो प्रकार आहे. दर 5 मिलिसेकंदांनी कुलूप इकडून तिकडे जातं, आणि कधीकधी साध्या लूपपेक्षा जास्तच वेळ लागतो. अपवाद आहेत: हॅश काढणाऱ्या हॅशलिब मॉड्यूलला एका वेळी 2047 बाइटपेक्षा जास्त डेटा दिला की तो जीआयएल सोडतो, नमपायच्या मोठ्या अ‍ॅरेवरच्या बऱ्याच क्रियाही सोडतात. फेरीतला बहुतेक वेळ अशा कामात जात असेल तर थ्रेड पुरतात.

शुद्ध पायथनमधली आकडेमोड असेल तर प्रोसेस. प्रत्येक प्रोसेसला स्वतःचा इंटरप्रिटर आणि स्वतःचं कुलूप मिळतं, आठही कोर चालू होतात. त्याची किंमत ने-आणीत मोजावी लागते: प्रत्येक फेरीचा इनपुट पिकल होऊन (म्हणजे बाइट्समध्ये बांधून) जातो, उत्तर पिकल होऊन परत येतं. लॅम्डा, उघडी फाइल, डेटाबेसचं कनेक्शन यांतलं काहीच पिकल होत नाही. एक लाख फेऱ्या आणि प्रत्येकीचं काम 20 मायक्रोसेकंदांचं असेल, तर कामापेक्षा ने-आण जड पडते आणि सगळं मुसळ केरात. पूलच्या ‘मॅप’मधला चंकसाइझ (एका खेपेत किती फेऱ्या पाठवायच्या) मुळात 1 असतो, तो 1000 करा, म्हणजे लाखाऐवजी शंभरच खेपा होतील. मोठी डिक्शनरी प्रत्येक फेरीला लागत असेल तर ती आर्ग्युमेंटमधून पाठवू नका, इनिशियलायझरमधून (प्रोसेस सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमधून) प्रत्येक प्रोसेसला एकदाच द्या.

विंडोज आणि मॅकवर नवी प्रोसेस तुमची फाइल पुन्हा इम्पोर्ट करते. म्हणून पूल सुरू करणारा कोड ‘मेन’च्या इफमध्ये (if __name__ == "__main__") नसेल तर एरर ठरलेली. लिनक्सवर आजवर फोर्कमुळे (चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत काढण्यामुळे) हे खपून जायचं, 3.14 मध्ये तिथलाही डीफॉल्ट बदलून फोर्कसर्व्हर झालाय. ‘मेन’च्या इफमध्ये भरलेला ग्लोबल व्हेरिएबल चाइल्ड प्रोसेसला आयता मिळेल या भरवशावर लिहिलेली जुनी स्क्रिप्ट इथे अडकते.

फ्री-थ्रेडेड पायथन ऐकायला सगळ्यात गोड: जीआयएल नाही, पिकल नाही, थ्रेडच आठ कोरवर पळतात. ऑक्टोबर 2024 मध्ये 3.13 सोबत ते प्रयोग म्हणून आलं, 3.14 पासून अधिकृतपणे सपोर्टेड आहे, पण अजून वेगळंच इन्स्टॉल करावं लागतं. 3.14 मध्ये एकट्या थ्रेडचा वेग साधारण 5 ते 10 टक्क्यांनी कमी होतो. सी-एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहिलेला भाग) असलेलं एखादं पॅकेज यासाठी तयार नसेल, तर ते इम्पोर्ट होताच जीआयएल पुन्हा चालू होतो. इशारा छापला जातो, पण लॉगच्या गर्दीत तो कोण वाचतो? सगळे इम्पोर्ट झाल्यावर सिस मॉड्यूलला जीआयएल चालू आहे का, हे स्वतः विचारा. पॅकेजेस तयार असतील आणि फेऱ्यांना एकच मोठा डेटा वाचायचा असेल, तर प्रोसेसपेक्षा हेच बरं. नाहीतर चालू प्रॉडक्शनला तूर्त हात लावू नये.

कुठल्याही थ्रेडात सामायिक काउंटरमध्ये एक मिळवणं म्हणजे वाचा, वाढवा, लिहा अशा तीन पायऱ्या. मध्येच दुसरा थ्रेड घुसला की एक वाढ हरवते. जीआयएल असतानाही हे सुरक्षित नव्हतं, फक्त क्वचित दिसायचं. फ्री-थ्रेडेडमध्ये लगेच उघडं पडतं. लॉक लावत बसण्यापेक्षा फेरीने उत्तर रिटर्न करावं आणि बेरीज मुख्य थ्रेडने करावी.

‘मॅप’ची आणखी एक खोड दोन्ही पूलमध्ये आहे. हजारांतली 37वी फेरी फुटली की तिची एरर निकाल वाचताना वर येते, पुढचे निकाल हाती लागत नाहीत आणि सुरू न झालेल्या फेऱ्या रद्द होतात. म्हणून एरर फंक्शनच्या आतच पकडा आणि यूआरएलसोबत परत करा. एकेक फेरी सोपवणारं ‘सबमिट’ वापरलात तर उलटी तऱ्हा: रिझल्ट मागितलाच नाही, तर एरर झाल्याचं कळतही नाही.