भाड्याच्या गाडीतली लोखंडी पेटी: गोव्यात 10 महिने वापरल्यानंतर

गाडीत पैसे-दागिने कुलपात ठेवायची ही पेटी घ्यायचं कारण आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं सगळं नुसतं वस्तूचं वर्णन वाटेल.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, 11 वर्षांचा मुलगा आणि माझी आई, गोव्याला गेलो होतो. माझी ताई फोंड्याला दिली आहे आणि आमची कुलदेवी कवळ्याची शांतादुर्गा, त्यामुळे वर्षातून एक-दोन फेऱ्या होतातच. आईला बसचे धक्के सोसत नाहीत म्हणून स्टेशनवर उतरलं की स्वतः चालवायची भाड्याची गाडी घेतो. शेवटचा दिवस होता. मांद्र्याची खोली 11 वाजता सोडली, संध्याकाळी थिवीहून कोकणकन्या एक्सप्रेस. मधला दिवस रिकामा, सामान सगळं गाडीत. आश्वेला गाडी लावली, समुद्रावर जेमतेम पाऊण तास बसलो.

परत आलो तर डावीकडची मागची काच नव्हती. बाजूच्या काचा फुटल्या की त्यांचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात. ते आई बसते त्या जागेवर पसरले होते. सीटवरची आईची राखाडी पिशवी गेली होती. डिकी बंदच होती, कुलूपही शाबूत होतं, पण आत नवऱ्याचा लॅपटॉप नव्हता. चोराने हात घालून मागचं दार उघडलं, मागच्या सीटच्या पाठीचा खटका ओढून ती पुढे पाडली आणि आतूनच डिकीत हात घातला. त्या दिवसापर्यंत डिकी म्हणजे तिजोरी असंच मी समजत होते. हॅचबॅक गाडीत ती तिजोरी नसते, प्रवाशांच्या भागाचंच एक टोक असतं. डिक्की वेगळी असलेल्या गाड्यांतही पुष्कळदा ड्रायव्हरजवळ ती उघडायचा खटका असतो, म्हणजे काच फुटली की तीही उघडली.

पिशवीत आईचं इन्सुलिनचं पेन होतं, साखर मोजायचं यंत्र, जादा चष्मा आणि कवळ्याला ओटी भरल्यावर मिळालेला नारळ व खण. इन्सुलिन म्हापशाच्या औषधाच्या दुकानात मिळालं, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. आई औषधांबद्दल एक शब्द बोलली नाही. खण गेला म्हणून ती घरी पोचेपर्यंत गप्प होती.

काचेचे पैसे अनामत रकमेतून कापले गेले. विमा गाडीचा असतो, त्यातल्या आपल्या सामानाचा नसतो, हे त्या दिवशी कळलं. आपल्या स्वतःच्या गाडीला वैयक्तिक सामानाचं जादा कलम जोडून घेता येतं, भाड्याच्या गाडीत ते आपल्या हातात नाही. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पण लॅपटॉपचा सिरियल नंबर विचारला तेव्हा बिल डोंबिवलीच्या कपाटात होतं.

घरी आल्यावर 15 दिवसांत ही पेटी मागवली. पत्र्याची, साधारण मोठ्या पुस्तकाएवढी, आत काळा फोम, 3 आकडी नंबरचं कुलूप आणि सोबत मीटरभर लांबीची, प्लॅस्टिकचं आवरण असलेली 6 मि.मी. जाडीची स्टीलची केबल. मला 2,300 रुपयांना पडली. डिसेंबर ते सप्टेंबर 5 फेऱ्या झाल्या, भाड्याच्या गाडीचे एकूण 31 दिवस. प्रत्येक वेळी गाडी वेगळी.

आता वापराबद्दल. केबल कशाला अडकवायची हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि सोबतच्या कागदावर त्याचं उत्तर फार कच्चं दिलंय. चित्रात केबल डोकं टेकायच्या उशीच्या दांड्यातून ओवलेली दाखवलीय. तसं करू नका. ती उशी एक बटण दाबून वर ओढली की निघते. सीटबेल्टला बांधली तर पट्टा चाकूने कापला जातो. पुढच्या सीटचा रूळ जमिनीला बोल्टने घट्ट केलेला असतो, तो चालतो, पण तिथे हात घालायला जागा कमी आणि कडा धारदार. मला सगळ्यात चांगली जागा सापडली ती मागच्या सीटवर. बैठक आणि पाठ यांच्या फटीत बोट घातलं की लोखंडी कड्या लागतात. लहान मुलांची सीट अडकवायला दिलेल्या असतात, आयसोफिक्स म्हणतात त्यांना. 6 मि.मी. जाडीच्या असतात आणि गाडीच्या सांगाड्याला पक्क्या केलेल्या. केबल त्यातून ओवायची, पेटी मागच्या बाजूने पुढच्या सीटखाली सरकवायची, वर पायपुसणं. 5 पैकी 4 गाड्यांत हे जमलं. एका गाडीत सीटखाली ट्रे होता, तिथे पेटी बसेना, म्हणून डिकीत स्टेपनीच्या खळग्यात ठेवली.

पहिल्या फेरीत मी हे सगळं कोलव्याच्या पार्किंगमध्ये करत बसले. दार उघडं, मी गुडघ्यावर, केबल हातात. शेजारी शहाळी विकणाऱ्या एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "बाय, हांगा सगळ्यांमुखार दवरूं नाका." इथे सगळ्यांसमोर ठेवू नका. या 10 महिन्यांत मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हाच. पेटी, पिशवी, काहीही असो, जिथे गाडी सोडून जाणार तिथे पोचल्यावर लपवायला घेतलं की ते लपत नाही. बघणारा बघतच असतो. आता आम्ही निघतानाच, ताईच्या अंगणात नाहीतर खोलीच्या आवारात, सगळं जागेवर ठेवतो. वाटेत पेट्रोल पंपावर थांबलो तरी पेटीला हात लावत नाही. समुद्रावर पोचलो की फक्त उतरायचं, काचा वर, दार लावून हँडल एकदा ओढून बघायचं, निघायचं. हँडल ओढणं सोडू नका. किल्लीचं बटण दाबल्याचा आवाज येतो आणि एखादं दार नीट लागलेलं नसतं.

भाड्याच्या गाडीची गोष्ट वेगळी का, तेही सांगते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायची भाड्याची गाडी, हे गोव्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं. चोराला त्या पाटीवरून सगळं कळतं: ही माणसं पाहुणी आहेत, सामान गाडीत आहे, पाण्यात उतरली की तासभर येत नाहीत, आणि दोन दिवसांनी निघून गेली की कोर्टाच्या तारखेला कोण येणार. म्हणून पांढऱ्या पाटीची कुणाची तरी खासगी गाडी स्वस्तात घ्यावी असं काहींना वाटतं. कृपा करून घेऊ नका. खासगी गाडी अशी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि काही झालं तर विम्याचं भांडण तुमच्या गळ्यात येतं. काळी पाटीच घ्या, पण गाडी ताब्यात घेताना डिकीवरची पार्सल ट्रे आहे का बघा. भाड्याच्या हॅचबॅकमध्ये ती पुष्कळदा नसतेच, आणि ती नसली की मागच्या काचेतून सगळ्या बॅगा दिसतात. मी आता फोनवरच विचारते. कापडी टपाची जीप घेणार असाल तर ही पेटी सोडून बाकी काहीही मागे ठेवू नका, कापडाला काच फोडायचेही कष्ट लागत नाहीत.

कुलपाबद्दल माझी तक्रार आहे. फेब्रुवारीत मुलाने उघड्या पेटीशी खेळताना आतलं नंबर बदलायचं बटण दाबलं आणि चाकं फिरवली. पेटी बंद झाली ती वेगळ्याच नंबरवर. आत आईच्या पाटल्या होत्या. ताईच्या ओसरीवर बसून मी 000 पासून एक-एक नंबर लावत गेले. 386 ला उघडली, 20 मिनिटं लागली. हातात कसलंही अवजार नव्हतं, कसली घाई नव्हती, आणि माझ्यासारख्या बाईला 20 मिनिटं पुरली. म्हणजे ज्याला ही पेटी निवांत जागी मिळेल त्याला ती उघडता येणारच. 3 आकडी कुलपाचे एकूण 1000 नंबर होतात, 4 आकडीचे 10,000. आज घेतली असती तर 4 आकडीच घेतली असती, किंवा किल्लीची.

केबलचीही परीक्षा घेतली. भावोजी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. जादाची केबल मागवून मी त्यांच्याकडे दिली. साध्या पकडीने तिची एक-एक तार तोडत जावी लागते, त्यांना 4 मिनिटं लागली आणि हाताला वळ उठले. लांब दांड्याच्या बोल्ट कटरने एका दाबात तुटली. भावोजींचं म्हणणं, समुद्रावर बोल्ट कटर घेऊन फिरणारा माणूस वेगळा आणि दगड मारून पिशवी उचलणारा वेगळा, ही केबल दुसऱ्यासाठी आहे. मला ते पटलं. आश्वेला आमच्याकडे आला होता तो दुसराच.

मे महिन्यात 9 दिवस होतो. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत काय होतं हे गोव्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. दुपारी दोन तासांनी पेटी काढली तेव्हा पत्रा हाताला सोसवेना, आत ठेवलेल्या फोनने तापल्याची सूचना दाखवून बंद होणं पसंत केलं आणि पॉवर बँक इतकी गरम की मी ती सावलीत जमिनीवर ठेवून लांब उभी राहिले. पत्र्याच्या पेटीत पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या, औषधं ठेवू नका. इन्सुलिन तर नाहीच. ते आता आईच्या किंवा माझ्या खांद्यावरच्या थंड पिशवीत असतं, पाण्यात कुणी उतरलं तरी एकजण पिशवीपाशी बसतो. चोरी झाली नाही पण उष्णतेने औषध वाया गेलं, तर आईच्या दृष्टीने फरक काय?

जुलैत पेटीच्या बिजागरीला तांबूस गंज धरला आणि आतल्या फोमला कुबट वास आला. मशीनचं तेल, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या, खोलीवर गेलं की पेटी उघडी ठेवणं, एवढ्यावर भागलं. पावसात सामान गाडीत सोडायची वेळही कमी येते, कारण समुद्रात उतरू देत नाहीत. आम्ही मंगेशी, म्हार्दोळ, तांबडी सुर्ला असे फिरलो.

मग पेटीत ठेवायचं काय? आमच्या घरात यादी ठरली आहे: जादा रोख, आईच्या पाटल्या (देवळातून थेट समुद्रावर जाणार असू तेव्हाच), घराच्या किल्ल्या, एक बंद फोन, एक कार्ड. लायसन्स फोनवर डिजिलॉकरमध्ये असतं, ते ग्राह्य धरलं जातं, म्हणून मूळ लायसन्स खोलीवर. लॅपटॉप यात बसत नाही, आणि बसला असता तरी मी ठेवला नसता. रात्रभर पेटी गाडीत सोडायची नाही, हा नियम आम्ही एकदाही मोडलेला नाही.

सगळ्यात नाजूक दिवस येण्याचा आणि जाण्याचा, कारण तेव्हा सगळं सामान चाकांवर असतं. नोव्हेंबरात आमचं तिथेच चुकलं. आता खोली सोडली तरी बॅगा हॉटेलच्या कार्यालयात ठेवून पावतीवजा चिठ्ठी घेते. मडगावहून गाडी असेल तर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये. तिथे बॅगेला कुलूप लागतं आणि तिकीट दाखवावं लागतं, छोटं कुलूप सोबत असू द्या.

मोठ्या बॅगेत ब्लूटूथ टॅगही टाकलाय, म्हणजे आजूबाजूच्या फोनांमार्फत आपली जागा कळवणारी छोटी वस्तू. म्हापशाच्या बाजारात तो दर दोन-चार मिनिटांनी जागा दाखवतो, कारण आजूबाजूला फोन भरपूर. तांबडी सुर्ल्याच्या रानात तासभर जुनीच जागा दाखवत बसला. तो चोरी थांबवत नाही, गेलेली बॅग कुठे गेली एवढं सांगू शकतो, आणि ते कळलं तरी स्वतः मागे जाऊ नका, पोलिसांना दाखवा.

तक्रारीचं एक सांगून ठेवते. कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्द पुढे तेच बघतात, याला झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन माहिती दिली तर 3 दिवसांत जाऊन सही करावी लागते, म्हणून परतीच्या रेल्वेआधीच ते काम उरकावं. मी आता लॅपटॉप, कॅमेरा यांचे सिरियल नंबर, फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) आणि बिलांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवते, आणि तो ताईच्या फोनवरही पाठवलेला आहे. फोन गेला तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून तो बंद करता येतो, त्यालाही हा आयएमईआय नंबर लागतो.

पेटीने या 31 दिवसांत कुणाला अडवलं का? तसं मी म्हणू शकत नाही. कुणी काच फोडलीच नाही. पेटीमुळे, सीटवर काही दिसत नव्हतं म्हणून, की नुसतं नशीब, हे ठरवायला माझ्याकडे पुरावा नाही. फरक पडला तो आमच्या बसण्यात. पूर्वी पाण्यात उभी राहूनही मी दर पाच मिनिटांनी पार्किंगकडे बघायची. मे महिन्यात पाळोळ्याला आई, मी आणि मुलगा दोन तास वाळूत बसलो आणि मी एकदाही वळले नाही.

पैसे वसूल झाले का म्हणाल तर हो, पण 3 आकडी कुलपाची ही पेटी मी दुसऱ्यांदा घेणार नाही. डिसेंबरच्या फेरीसाठी 4 आकडी मागवली आहे. ही जुनी ताईकडे ठेवून येईन, तिला देवळाच्या वाटेवर उपयोगी पडेल. सप्टेंबरात कवळ्याला पुन्हा ओटी भरली. खण आईने पेटीत ठेवू दिला नाही, पदराला बांधून डोंबिवलीपर्यंत आणला.