रोलरब्लेड झेट्राब्लेड (एका रांगेत चाकं असलेले इनलाइन स्केट्स), बायकांचं मॉडेल: सहा महिने वापरल्यावर

वय 43, आणि स्केटिंगचा पूर्वानुभव म्हणजे डोंबिवलीत सोसायटीच्या गच्चीवर चुलतभावाचे स्केट्स घालून पाण्याच्या टाकीवर आपटणं. आता राहते बर्लिनला. टेम्पेलहोफचा जुना विमानतळ घरापासून दहा मिनिटांवर. 2008 मध्ये तो बंद झाला, 2010 पासून मोकळं मैदान म्हणून लोकांना खुला आहे. धावपट्ट्या तशाच आहेत, प्रत्येकी साधारण दोन किलोमीटर. एवढं असताना किती दिवस नुसतं चालणार?

पहिली जोडी फसली. सेलमध्ये दिसली, बुटाचा नंबर टाकला, मागवली. आत टाच डुलायची आणि वरची कड पोटरीत अशी रुतायची की अर्ध्या तासात लाल वळ. चाकं रस्त्याला लागलेली बघून दुकानाने परत घ्यायला नकार दिला. तेव्हा शिकले की ‘बायकांचे स्केट्स’ म्हणजे जांभळी लेस नव्हे. कंपन्यांचं म्हणणं असं की बायकांची पोटरी खालूनच भरायला लागते, म्हणून बुटाचा वरचा भाग जरा बुटका आणि टाच अरुंद हवी. नुसता रंग बदललेली जोडी घेऊ नका.

दुसऱ्यांदा भिंतीला टाच लावून, कागदावर पेन्सिलने खूण करून पाय मोजले. संध्याकाळी, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. उजवा 24.1 सेंटीमीटर, डावा 24.4. डाव्याच्या मापाने हे झेट्राब्लेड घेतले. दुकानात सरळ उभी राहिले तर बोटं टोकाला जेमतेम टेकत होती, गुडघे वाकवले की मागे सरकत होती. हे बरोबर माप. चपलेसारखं ‘जरा मोकळं घेऊ’ इथे चालत नाही.

बांधण्याचाही क्रम आहे. टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवायची, मग लेस, मग घोट्यावरचा तिरका पट्टा, शेवटी वरचं बक्कल. मी आधी बक्कल लावायचे आणि पाऊल आत भटकत राहायचं.

चाकं 80 मिलिमीटरची, वर 82ए छापलंय, तो कडकपणाचा आकडा. जितका कमी तितकं चाक मऊ. दुकानातला मुलगा 110ची तीन चाकी जोडी गळ्यात मारत होता. वेग असेल, पण उंची बघूनच मला घाम फुटला. शिवाय जर्मनीत स्केट्सवाला कायद्याने पादचारी धरतात. वेगळी पाटी नसेल तर सायकलच्या पट्टीवर जाता येत नाही. म्हणजे फूटपाथच. आणि बर्लिनचे जुने फूटपाथ म्हणजे मधे ग्रॅनाइटच्या फरशा, दोन्ही कडांना बारीक दगड. फरशीवर सुसह्य, दगडांवर दात वाजतात. घरापासून मैदानापर्यंत मी सरळ बूट घालून जाते, स्केट्स पिशवीत.

मैदानावर मात्र मजा आहे. पश्चिमेचा वारा पाठीवर घेतला की मी पी. टी. उषा, परतताना तोच वारा तोंडावर, आणि सोबतीला येणाऱ्या आजोबांची सायकलही पुढे निघून जाते. बाहेरची फेरी सहा किलोमीटरच्या आसपास. एका फेरीत मांड्या बोलायला लागतात. फ्रेम, म्हणजे बुटाखाली चाकं धरणारा सांगाडा, प्लास्टिकची आहे, शर्यतवाल्यांना ॲल्युमिनियम हवं असतं. माझ्यासारखीला घाम गाळायला ही पुष्कळ झाली.

उजव्या टाचेचा ब्रेक काढू नका, तरुण पोरं काढतात म्हणून तर नकोच. पाय पुढे सरकवून बोटं उचलायची, रबर घासत थांबवतं. मला दोन रविवार लागले. मनगटाचे गार्ड पहिल्या दिवसापासून. आईने व्हिडिओ कॉलवर हेल्मेट बघून विचारलं, “स्कूटर घेतलीस का गं?”

तिसऱ्या महिन्यात चाकांची आतली कड झिजलेली दिसली. सगळी काढली, पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या, डाव्याची उजव्याला, झिजलेली बाजू बाहेर. स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून तासभर गेला, एक स्क्रू फ्रिजखाली सापडला.