नोंदणी खरी, तिच्यामागचे दाखले मात्र बनावट

सार्वजनिक बांधकामांच्या निविदा भरण्यासाठी वरच्या वर्गाची ठेकेदार नोंदणी करून देतो, असे सांगणाऱ्या एका मध्यस्थाने मला कसे फसवले, हे या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्यांना वेळीच कळावे म्हणून लिहीत आहे.

गटारे आणि मोऱ्या बांधण्याची कामे मी ६ वर्षे दुसऱ्या ठेकेदारांच्या हाताखाली केली होती. माझी स्वतःची नोंदणी खालच्या वर्गातली होती आणि त्या वर्गाच्या मर्यादेबाहेरची निविदा मला भरता येत नव्हती. वरच्या वर्गासाठी उलाढालीचा हिशेब, बँकेचे ऐपत प्रमाणपत्र आणि यंत्रसामग्रीची यादी माझ्याकडे तयार होती; स्वतःच्या नावावर पूर्ण केलेल्या कामांचे दाखले तेवढे नव्हते. “अनुभव तुम्हाला आहेच, कागद मी जमवतो,” असे तो मध्यस्थ म्हणाला. मी त्याच्या हाती सही केलेली कोरी लेटरहेड, डिजिटल सहीचे टोकन (संगणकाला जोडून माझ्या नावाने ऑनलाइन सही करण्याचे छोटे उपकरण) आणि त्याचा पिनसुद्धा दिला. ही चूक पूर्णपणे माझी होती.

महिनाभरात प्रमाणपत्र आले. विभागाच्या यादीत क्रमांक शोधला, तर तिथे माझे नाव होते, आणि एवढ्यावर मी निश्चिंत झालो.

पहिल्याच निविदेत माझा दर सर्वांत कमी ठरला. कार्यादेश देण्यापूर्वी विभागाने अनुभवाचे दाखले संबंधित कार्यालयाकडे पडताळणीसाठी पाठवले, तेव्हा असे दाखले आपण दिलेलेच नाहीत, असे लेखी उत्तर तिथून आले. मला फाइल दाखवण्यात आली. मी कधी पाहिलेलाही नाही असा एक पूल त्यात माझ्या नावावर होता, आणि तिन्ही दाखल्यांवर अधिकाऱ्याची सही रेषेचाही फरक नसलेली, शिक्का प्रत्येक वेळी तिच्या शेवटच्या अक्षरावर त्याच जागी चढलेला होता.

निविदा फेटाळली गेली, निविदेसोबत भरलेली बयाणा रक्कम, म्हणजे अनामत, जप्त झाली आणि काळ्या यादीत का टाकू नये, अशी नोटीस आली. मध्यस्थाचा फोन तेव्हापासून बंद आहे. मी पोलिसांत तक्रार दिली आहे, परंतु अर्जावरची सही माझी असल्यामुळे विभागापुढे उत्तर मलाच द्यावे लागत आहे.

उपठेकेदार म्हणून केलेले काम सहसा तेव्हाच ग्राह्य धरले जाते, जेव्हा मूळ काम देणाऱ्या कार्यालयाने उपठेक्याला लेखी मान्यता दिलेली असते. हे मी नोटीस आल्यावर वाचले. ती मान्यता काम सुरू होण्याआधीच मागून घ्यावी. अर्ज दुसऱ्याने भरला तरी टोकन आपल्या हातातून जाऊ देऊ नये. आणि ज्यांची नोंदणी आधीच कोणा मध्यस्थाने करून दिली आहे, त्यांनी पुढची निविदा भरण्यापूर्वी अर्जासोबत जोडलेल्या प्रत्येक कागदाची प्रत विभागाकडून मागवावी, आणि त्यात आपल्या माहितीबाहेरचा एखादा दाखला निघाल्यास वकिलाच्या सल्ल्याने ते विभागाला लगेच लेखी कळवावे.