खरे शोधनिबंध दाखवून आम्हाला फसवलं

दादाच्या किडनीतली गाठ भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडली. पोट दुखतंय म्हणून गेला होता. पोटदुखी चार दिवसांत गेली, गाठ मात्र सीटी स्कॅनमध्ये स्वच्छ दिसली. ३.८ सेंटिमीटर. किडनीचे बरेच कर्करोग हल्ली असेच, काही त्रास नसताना हाती लागतात. युरॉलॉजिस्टनी कागदावर किडनीचं चित्र काढलं आणि कडेला एक गोल केला. "एवढाच भाग काढू, बाकीची किडनी राहील," म्हणाले. इतकं सरळ होतं. तरी आम्ही ११ महिने घालवले.

ज्यानं फसवलं तो बुवा नव्हता. अंगारा नाही, मंत्र नाही. आम्ही असल्या गोष्टींना भुलणारी माणसं नाही, याच भरवशावर मी गाफील राहिले. तो स्वतःला 'संशोधन सल्लागार' म्हणवायचा आणि सोबत एक जाडजूड फाइल आणायचा. फाइलमध्ये शोधनिबंध, काही ओळी पिवळ्या हायलायटरनं रंगवलेल्या. हळदीतलं कर्क्युमिन, ग्रीन टीतलं ईजीसीजी, द्राक्षाच्या सालीतलं रेस्वेराट्रॉल, ब्रोकोलीतलं सल्फोराफेन. आणि सगळ्यात वर एंग्लेरिन ए. आफ्रिकेतल्या 'फायलँथस एंग्लेरी' या झाडापासून मिळालेलं, किडनीच्या कर्करोगाच्या पेशी वेचून मारणारं संयुग, २००९ सालचा शोध. मी त्या रात्री नावं टाकून शोधलं. निबंध खरे निघाले. मासिकं खरी, शास्त्रज्ञ खरे. मग मीच वहिनीला समजावलं, दादाला समजावलं. हे ओझं माझं आहे.

"ऑपरेशन कुठे पळून जातंय? सहा महिने द्या, गाठ विरघळायला लागेल," असं त्याचं म्हणणं. दादाला ऑपरेशनची धास्ती होतीच, त्याला हे हवंच होतं. अट एकच, डॉक्टरांना सांगायचं नाही. "ते विरोधच करणार, आणि रुग्णाच्या मनात शंका आली की गुण येत नाही." आज कुणी एवढं एकच वाक्य बोललं तरी मी उठून चालू लागेन.

गोळ्यांच्या दोन बाटल्या होत्या. लेबलवर संयुगांची नावं, पण कुठलं किती हे नाही. सगळ्यांचं मिळून एकच वजन छापलेलं. एंग्लेरिनच्या जागी 'त्याच कुळातल्या वनस्पतीचा अर्क'. तेव्हा ते खटकलं नाही.

पाचव्या महिन्यात त्यानं सोनोग्राफी करायला सांगितली. रिपोर्टमध्ये ३.४ सेंटिमीटर. वहिनी रडली, मी रडले. त्यानं रिपोर्टचा फोटो 'अभ्यासासाठी' मागून घेतला आणि डोस दुप्पट केला. डोस वाढला तसे पैसेही वाढले.

या एका आकड्यानं आमचा घात केला, म्हणून इथे थोडं थांबते. पहिलं माप सीटीचं होतं, दुसरं सोनोग्राफीचं. गाठ तीच असली तरी या दोन तपासण्यांत काही मिलिमीटरचा फरक सहज पडतो. सोनोग्राफीत तर डॉक्टर पडद्यावर दोन टोकांना दोन खुणा ठेवतात आणि मधलं अंतर मोजतात. प्रोब जरा तिरका धरला तरी माप बदलतं. दुसरं म्हणजे, किडनीतल्या लहान गाठी बहुधा सावकाश वाढतात, सरासरी वर्षाला ३ मिलिमीटरच्या आसपास. काही तर वर्षानुवर्षं तेवढ्याच राहतात. म्हणूनच वयस्कर किंवा अशक्त रुग्णाच्या बाबतीत लहान गाठीवर ठरावीक काळानं स्कॅन करून नुसतं लक्ष ठेवणं, हाही डॉक्टरांचा मान्य मार्ग आहे. म्हणजे त्या पाच महिन्यांत दादाला काहीही दिलं असतं, अगदी साखरेच्या गोळ्या दिल्या असत्या, तरी 'गाठ वाढली नाही' असं म्हणता आलं असतं. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. एखादी गाठ मात्र सरासरी पाळत नाही.

दादाची पाळली नाही. अकराव्या महिन्यात एका सकाळी लघवी लाल झाली. दुखत काहीच नव्हतं, नुसता रंग. सीटीत गाठ ५.९ सेंटिमीटर, आणि किडनीच्या मध्यात, रक्तवाहिन्यांच्या मुळापर्यंत पोचलेली. किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन १.० वरून १.५ वर. यकृताला इजा झाली की वाढणारं एसजीपीटी कित्येक पटींनी वाढलेलं. "दुसरं काही घेताय का?" डॉक्टरांनी विचारलं. दादानं माझ्याकडे पाहिलं. वहिनीनं पर्समधून दोन्ही बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

डॉक्टर ओरडले नाहीत. एक कॅप्सूल उघडून त्यांनी पिवळी पूड कागदावर सांडली आणि म्हणाले, "यात काय आहे ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही." लेबलवर कर्क्युमिनसोबत पाइपरिन होतं, मिऱ्यातलं. कर्क्युमिन एरवी अंगी फारसं लागतच नाही. पाइपरिन दिलं की त्याचं रक्तातलं प्रमाण सुमारे २० पट वाढू शकतं. पण पाइपरिन औषधं मोडणाऱ्या यकृतातल्या एन्झाइम्सनाही मंद करतं, आणि हळदीच्या अशा पूरक गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. आमच्या बाबतीत गोळ्यांनीच झालं हे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. बंद केल्यावर तीन आठवड्यांत एसजीपीटी उतरलं, एवढं मी पाहिलं. ऑपरेशन तेवढे तीन आठवडे आणखी लांबलं. मग अख्खी किडनी काढावी लागली.

दादा घरी आल्यावर मी ती फाइल पुन्हा काढली, या वेळी न रंगवलेल्या ओळी वाचायला. पिवळी ओळ सांगत होती की पेशी मेल्या. तिच्या मागचीपुढची वाक्यं सांगत होती की त्या '७८६-ओ' नावाच्या, प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी, आणि त्यांच्यावर संयुग थेट ओतलेलं. तोंडानं घेतलेली गोळी रक्तात तेवढं प्रमाण सहसा गाठतच नाही. आणि एंग्लेरिन? पेशी मारतं हे खरंच. ते पेशींच्या आवरणातले टीआरपीसी ४ आणि ५ हे कॅल्शियम आत घेणारे मार्ग उघडतं. पुढच्या प्रयोगांत शिरेतून टोचल्यावर प्राणीही मेले. ते पान फाइलमध्ये नव्हतं. कुळ एक असलं म्हणून दुसऱ्या झाडात तेच संयुग असतं असंही नाही. रेस्वेराट्रॉलचं तर याहून वाईट. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना ते रोज ५ ग्रॅम देऊन पाहिलं गेलं आणि काहींच्या किडन्या निकामी झाल्यामुळे अभ्यास थांबवावा लागला. मूत्रपिंडाचा रोगी असलेल्या माझ्या भावाला हाच माणूस 'नैसर्गिक आहे, अपाय शून्य' असं सांगत होता.

नैसर्गिक! बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका वनस्पतीऐवजी चुकून अरिस्टोलोकिया मिसळली गेली. कित्येक बायकांच्या किडन्या गेल्या आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्यातलं अरिस्टोलोकिक आम्ल हे पूर्णपणे वनस्पतीजन्य आणि माणसात कर्करोग घडवणारं म्हणून जागतिक पातळीवर नोंदलेलं आहे.

निसर्गातून औषध मिळत नाही असं माझं म्हणणं नाही. किडनीच्या कर्करोगावरची टेमसिरोलिमस आणि एव्हरोलिमस ही औषधं रॅपामायसिनपासून आली, आणि रॅपामायसिन ईस्टर बेटावर १९६४ मध्ये गोळा केलेल्या मातीतल्या एका जिवाणूपासून. पण टेमसिरोलिमसला मान्यता मिळाली २००७ मध्ये. मधल्या ४३ वर्षांत आधी संयुग वेगळं काढलं गेलं, त्यात बदल झाले, आणि मग डोस किती, रक्तात किती पोचतं, तोंड किती सोलतं, साखर किती वाढते, हे सगळं रुग्णांवर मोजलं गेलं. आम्हाला मिळालेल्या बाटलीवर यातला एकही आकडा नव्हता.

दादा आज बरा आहे. एका किडनीवर, क्रिएटिनिन १.६, ठरलेल्या तारखांना स्कॅन. वेदनाशामक गोळी घ्यायचीही त्याला चोरी आहे.

मागच्या महिन्यात एका ओळखीच्या बाईंनी मला फोनवर एक फोटो पाठवला. त्यांच्या यजमानांच्या किडनीत गाठ निघाली आहे आणि कुणीतरी त्यांना 'गुण आलेल्या रुग्णाचा पुरावा' दिलाय. सोनोग्राफीचा रिपोर्ट. नाव खोडलेलं. पण कोपऱ्यातला चहाचा डाग आमच्या टेबलावरचा होता. ३.४ सेंटिमीटर. तो कागद तुमच्यापर्यंत आला तर मला विचारा. त्यानंतरचा सीटी माझ्याकडे आहे.