पिकअप खाली बसवताना: पाटा काढायचा की कमान उतरवायची?

आमच्या डिचोलीकडे पिकअप म्हणजे आठवडाभर नारळ, चिरे नि रविवारी घरची माणसं. गाडी दोन इंच खाली हवी, पण बसणाऱ्याचं कंबरडं मोडता कामा नये, तर मागच्या पाट्यांसाठी, म्हणजे स्प्रिंगच्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांसाठी, दोन वाटा उरतात: एक पाटा काढणं, नाहीतर कमान उतरवणं, म्हणजे पाट्यांचा बाक कमी करणं.

एक पाटा काढणं स्वस्त, अर्ध्या दिवसाचं काम. रिकामी गाडी मऊ धावते, म्हणून पहिल्या दिवशी फार आवडते. पण पाच सारख्या पाट्यांतला एक गेला की ताकद साधारण पाचव्या हिश्शाने उतरते. मग चिरे भरून अनमोड घाट चढा: प्रत्येक खड्ड्यात एक्सल रबरी बंपस्टॉपवर (धक्का अडवणाऱ्या ठोकळ्यावर) आदळतो.

कमान उतरवली की पाटे तेवढेच, ताकद जवळजवळ तीच, फक्त वर-खाली हलायला जागा कमी. मला हीच वाट पटते. मात्र पाटा गॅसवर लाल करून वाकवू देऊ नका, पोलादाचं पाणी जातं. प्रेसवर थंडच वाकवून घ्या. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घाला, शॉकअॅब्सॉर्बर आखूड घ्या.

वाट कुठलीही असो, मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (भार बघून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असेल तर त्याचा दांडा पुन्हा जुळवून घ्याच. गाडी खाली बसली की व्हॉल्व्हला ती भरलेली वाटते, मागच्या ब्रेकला जास्त दाब जातो, आणि पावसात रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होतात. हेडलाइटचा झोतही खाली करून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा बदलांना लागू होतं, त्यामुळे आधी आरटीओत विचारून या.